दमा की अ‍ॅलर्जी? गोळीवर काढलेली तीन वर्षं

आजचा विषय श्वासाचा. सुरुवात करू आमच्या वेळापूरच्या ग्राउंडवरून.

माझा एक मित्र आहे. नाव सांगणार नाही, पण गोष्ट त्याला विचारूनच सांगतोय. पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे साडेपाचला ग्राउंडवर, १६०० मीटर. पळताना ठीक असायचा, पण थांबला की पाच-दहा मिनिटांत खोकला सुरू. छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज. आम्ही म्हणायचो, "लका, थंडीनं होतंय." तो म्हणायचा, "अ‍ॅलर्जी हाय रं." सकाळी शिंका यायच्या, नाक गळायचं, म्हणून मेडिकलमधून सेटिरिझिनची पट्टी आणायचा. शिंका थांबायच्या. छाती काही मोकळी व्हायची नाही. अशी तीन वर्षं गेली.

मग ऊसतोडीच्या दिवसांत एका रात्री शेजारच्या रानात पाचट पेटवलेलं. पहाटे तीनला त्याच्या आईचा मला फोन. मी पळत गेलो तर हा पलंगाच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून वाकून बसलेला. "पाणी दे" एवढंसुद्धा एका दमात म्हणता येत नव्हतं. काकूंनी छातीला बाम चोळलेला. गाडीत घातला आणि अकलूजला नेला. वाफेतून औषध दिलं, ऑक्सिजन लावला. उजाडता उजाडता बोलायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "पंप का नाही घेत?" तर म्हणतो कसा, "सवय लागती ना सर. आणि भरतीत कळलं तर?"

मंडळी, त्या एका वाक्यात सगळा घोळ आहे. तो सोडवू.

आधी अ‍ॅलर्जी. आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजते आणि आरडाओरडा करते. परागकण, गादीतल्या धुळीतले बारीक किडे, कुत्र्या-मांजराचा कोंडा, काहीही. आपल्याकडं गाजर गवत घ्या. ते १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आज प्रत्येक बांधावर आहे. त्याचा पराग नाकात गेला की काहींना एकामागोमाग शिंका, पाण्यासारखं नाक, डोळ्यांना खाज. हा त्रास मुख्यतः गळ्याच्या वरचा.

दमा गळ्याच्या खाली. फुफ्फुसात जाणाऱ्या नळ्या आतून सुजतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो. मग चार खुणा दिसतात: खोकला, शिट्टीसारखा आवाज, छाती आवळल्यासारखी वाटणं आणि धाप. सगळ्यांना चारही असतीलच असं नाही. काहींना नुसता खोकलाच असतो. पण दम्याची चाल ओळखता येते. तो कमी-जास्त होतो, रात्री आणि पहाटे वाढतो, पळाल्यावर, धुरानं, थंड हवेनं, सर्दीनं उसळतो. म्हणून दुपारी डॉक्टरकडं गेलात तर छाती साफ असू शकते. "पहाटे खोकल्यानं जाग येते" हे आपण तोंडानं सांगायला लागतं.

गोची अशी की दोन्ही एकत्र असू शकतात. नाक आणि फुफ्फुस एकाच वाटेची दोन टोकं. माझ्या मित्राला दोन्ही होतं. अ‍ॅलर्जीची गोळी शिंका थांबवते, पण आवळलेली श्वासनळी उघडत नाही. शिंका थांबल्या, म्हणून त्याला वाटलं उपचार चालू आहेत.

नक्की कसं कळणार? स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते. नळीत जोरात फुंकायचं, मग औषध ओढायचं, थोड्या वेळानं पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या वेळी आकडा चांगला सुधारला तर दम्याकडं बोट जातं. सुई नाही, दुखणं नाही.

आता पंप. "शेवटचा उपाय", "सवय लागते", "पोरीच्या लग्नाला अडचण", हे सगळं ऐकलंय ना? जरा हिशोब करा. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या भागाएवढं, आणि तेही थेट जागेवर. मग जड औषध कुठलं?

पण हा आराम देणारा पंप. तो नळी उघडतो, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवणारा पंप वेगळा. त्यात अगदी थोडं स्टिरॉइड असतं, आणि डॉक्टर सांगतील तसा तो बरं वाटत असतानाही घ्यायचा. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून स्पष्ट सांगतात की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीनांनी नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नये. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायला विसरू नका.

पंप घ्यायचा कसा? हलवा. श्वास पूर्ण सोडा. ओठ घट्ट मिटून हळू श्वास घेताना एकदाच दाबा. दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरा. जमत नसेल तर स्पेसर लावा, म्हणजे वेळ चुकत नाही.

अ‍ॅटॅक आला तर? झोपवू नका, ताठ बसवा. आराम देणारा पंप स्पेसरमधून एकेक करून चार वेळा. चार मिनिटं थांबा. फरक नाही? पुन्हा चार, आणि १०८ ला फोन. वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, माणूस गुंगायला लागला असेल तर चार मिनिटंही थांबू नका, लगेच फोन. आणि एक लक्षात ठेवा: धाप तशीच असताना शिट्टीचा आवाज अचानक बंद झाला तर ते बरं होणं नाही, हवाच आत जात नाहीये.

घरातलंही बघा. डासांची कॉइल लावून दार बंद करता? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. आणि पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करून रानातच ठेवलं, तर जमिनीला खत आणि शेजाऱ्याला श्वास.

आपल्याकडून दरवर्षी मृगाला बरेच जण हैदराबादला जिवंत मासा गिळायला जातात. श्रद्धेवर मी बोलणार नाही. पण त्यानं दमा बरा होतो याचा वैज्ञानिक पुरावा नाही, तेव्हा जाऊन आलात तरी पंप बंद करू नका.

मित्राचं काय झालं? सूज उतरवणारा पंप सुरू केला, दोन-तीन महिन्यांत पहाटेचा खोकला गेला. भरतीबद्दल मी त्याला एवढंच म्हणालो, नियम जाहिरातीत वाच, डॉक्टरांशी बोल, पण लपवून पळू नकोस. पॉला रॅडक्लिफला लहानपणापासून दमा होता. तिनं २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मारली, जागतिक विक्रम! पंप वापरून.

यंदा माउलींची पालखी वेळापूरला आली तेव्हा हा धाव्याला पळाला. मी मागं राहिलो, मला धाप लागली. वळून म्हणतो, "काय लका, अ‍ॅलर्जी हाय का?"

तुमच्या ग्रुपमध्ये असा पहाटे खोकणारा कोणी असेल, तर त्याला हा भाग पाठवा. आणि नुसता पाठवू नका, त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!