‘ऑर्डर’ : एका शब्दाचा संसार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या शब्दाने मला गावापासून इतक्या दूर आणून सोडले, त्याच शब्दाविषयी आज चार गोष्टी सांगाव्यात असे मी योजिले आहे. तो शब्द म्हणजे ‘ऑर्डर’. केंद्र सरकारच्या नोकरीतील तीस वर्षांत बदलीच्या सहा ऑर्डरी माझ्या हाती पडल्या. आपणांपैकी अनेकांना इथवर आणणारीही तीच!

हा शब्द किती वेषांनी आपल्यासमोर येतो पाहा. कचेरीत साहेबांची ऑर्डर निघते, उपाहारगृहात आपण डोशाची ऑर्डर देतो, आणि बंद पडलेल्या लिफ्टवर ‘आउट ऑफ ऑर्डर’ अशी पाटी लटकते. लोकसभेत अध्यक्ष ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणून सभासदांना शांत करू पाहतात, तोच कोणी ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ उपस्थित करतो. क्रिकेटमध्ये बॅटिंग ऑर्डर असते. प्राणिशास्त्रात वाघ आणि कुत्रा एकाच ऑर्डरमध्ये बसतात. ख्रिस्ती संन्याशांच्या संघालाही ऑर्डरच म्हणतात.

या साऱ्यांचे मूळ एक. लॅटिन भाषेतील ‘ऑर्डो’ म्हणजे मुळात मागावरील धाग्यांची ओळ. ओळीवरून रांग, रांगेवरून क्रम, क्रमावरून व्यवस्था असा अर्थ विस्तारत गेला. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि ‘हुकूम’ हा अर्थ तर पुष्कळ नंतर त्याला चिकटला. आम्ही नोकरशहांनी मात्र तेवढाच एक अर्थ उराशी धरला आहे!

अर्थभेद ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे. 1965 साली डॉ. राममनोहर लोहिया यांना बिहारमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. नियमात शब्द होते ‘पब्लिक ऑर्डर’. स्थानबद्धतेच्या हुकमात मात्र ‘लॉ अँड ऑर्डर’ असे लिहिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हे दोन अर्थ भिन्न ठरविले. न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक अशा तीन वर्तुळांची कल्पना मांडली: बाहेरचे मोठे वर्तुळ ‘लॉ अँड ऑर्डर’चे, त्याच्या आत ‘पब्लिक ऑर्डर’, आणि सर्वांत आत राज्याची सुरक्षितता. डॉ. लोहिया सुटले. ‘अंग्रेजी हटाओ’चा घोष करणारा नेता इंग्रजी शब्दाच्याच अर्थभेदाने मुक्त झाला!

आता घरची गोष्ट. परप्रांतात वाढलेल्या माझ्या कन्येने लहानपणी आजीला पत्र लिहिले, “आजी, तुझी ऑर्डर मी नक्की पाळीन.” माझ्या आईचे उलट टपाली उत्तर आले, “बाळ, मी काय फौजदार आहे?” ते वाचून आम्ही हसलो खरे; पण रात्री मला झोप लागली नाही. ‘आज्ञा’ हा शब्द मी माझ्या मुलीला दिलाच नव्हता.

मंडळी, आपल्या मराठीने या प्रत्येक अर्थासाठी वेगळे दालन राखले आहे. वडीलधाऱ्यांची आज्ञा, सरकारचा हुकूम, न्यायालयाचा आदेश, व्यापाऱ्याकडे मागणी, फलंदाजांचा क्रम, प्राण्यांचा गण, राज्यातील सुव्यवस्था. सर्वत्र ‘ऑर्डर’ म्हणून भागते. पण आज्ञेतील माया आणि हुकमातील जरब यांतले अंतर मुलांच्या कानांवरून निसटते.

इंग्रजी शब्दांशी माझे वैर नाही. भारतात 1880 साली मनीऑर्डरीचे काम पोस्टाकडे आले, आणि पुढे मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्यांच्या मनीऑर्डरींवर कोकणातील कितीतरी चुली पेटल्या. त्या शब्दाला परका कोण म्हणेल? तो ठेवावा, मात्र आपले सहा-सात शब्द त्यापायी अडगळीत टाकू नयेत.

मंडळाच्या वाचनालयात पुस्तके आहेत, रविवारच्या वर्गात मुले येतात. वडीलधाऱ्यांनी त्यांच्याशी बोलताना योग्य जागी योग्य शब्द वापरावा, एवढीच माझी विनंती. ही ऑर्डर नव्हे!