टफी, आई आणि भिंतीवरचं कालनिर्णय

आजच्या भागात मागे मधूनमधून टक-टक, टक-टक असा आवाज येईल. माइक बिघडलेला नाही. ती टफीची नखं आहेत. म्हातारी कुत्री कमी चालतात, म्हणून नखं झिजत नाहीत, वाढतात, आणि मग फरशीवर अशी वाजतात. कापायला घेतली की तो पाय ओढून घेतो. तर असू दे तो आवाज. आज त्याच्याचबद्दल बोलायचंय.

मी सध्या कराडला, घरी आहे. टफी चौदा वर्षांचा आहे. मी आठवीत असताना, 2011 ला, तो घरी आला. पांढरा, केसाळ, टोकदार कानांचा. आपल्याकडे सगळे त्याला पॉमेरियन म्हणतात, पण ही खरी इंडियन स्पिट्झ जात. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतोय ना? तोच. पिक्चर 1994 चा, तरी आमच्या गल्लीत 2011 ला तीन टफी होते. आमचा चौथा.

आता आईबद्दल. पप्पा एसटीतून निवृत्त झालेत, पेन्शन नाममात्र. आईनं आयुष्यभर घर चालवलं ते एका पेनावर आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर. दूध किती घेतलं, सिलिंडर कधी लावला, भिशीचा हप्ता, गिरणीत दळण कधी टाकलं, सगळं त्या चौकोनांत. आणि 1 जानेवारीला नवं कॅलेंडर लागलं की जुन्याची पानं मसाल्याच्या डब्यांखाली अंथरायची. हे पान-प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या वर्षी नवरात्रात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “टफ्या पाणी फार प्यायला लागलाय गं.” माझा त्या आठवड्यात रिलीज होता. एका कानात आई, दुसऱ्या कानात मीटिंग. मी म्हटलं, “ऑक्टोबर हीट असेल.” फोन ठेवला आणि, आता सांगायला लाज वाटते, मी ऑनलाइन एक वॉटर फाउंटन ऑर्डर केलं. कुत्र्यांसाठी येतं तसलं, पाणी सतत फिरतं ठेवणारं. 2,799 रुपये. कुत्रा पाणी जास्त पितोय ना, मग त्याला चांगलं पाणी देऊ.

तुमच्यातले जे माझ्या धंद्यातले आहेत त्यांना कळेल मी काय केलं ते. सर्व्हरची डिस्क भरतेय असा अलर्ट आला, आणि मी लॉग न उघडता डिस्क वाढवून दिली.

पार्सल पोचल्यावर आई म्हणाली, “घरात कारंजं? आपण काय राजवाड्यात राहतो?” टफी त्या मोटरच्या घुरघुरीला घाबरला, जवळच जाईना. सध्या त्यात कपड्यांचे चिमटे असतात.

आईनंही त्याला डॉक्टरकडे नेलं नाही. खातोय, फिरतोय, शेपूट हलवतोय, मग नुसतं पाणी पितो म्हणून कशाला पैसे घालायचे? असं तिचं गणित.

संक्रांतीला मी घरी गेले. गुळपोळीचा वास आला की ओट्याखाली येऊन बसणारा टफी कोपऱ्यातून उठला नाही. सकाळी उलटी केली होती. तोंडाला एक विचित्र, तिखट वास. आम्ही त्याला गोधडीत गुंडाळून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त आणि लघवी, दोन्हीच्या तपासण्यांचे मिळून 1,800 रुपये सांगितले. आई सगळ्यांसमोर म्हणाली, “काही कमी होणार नाहीत का?” मी मान खाली घातली.

रिपोर्ट आला. क्रिएटिनिन 4.1. किडनीच्या जुनाट आजाराचे चार टप्पे धरतात, हा तिसरा.

डॉक्टरांनी विचारलं, “पाणी जास्त प्यायला लागून किती दिवस झाले?” मी म्हटलं, “महिनाभर असेल.” आई म्हणाली, “थांबा.” तिनं पप्पांना फोन लावला. “अहो, मसाल्याचे डबे उचला. खालचे कागद आहेत ना, त्यांचे फोटो पाठवा. सगळ्या.”

दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर तीन फोटो. ऑक्टोबरच्या पानावर हळदीचा मोठा डाग, आणि त्याच्या शेजारी नवरात्रातल्या चौकोनात आईच्या बारीक अक्षरात: दूध दीड, टफी पाणी 2 भांडी. नोव्हेंबरमध्ये 3 भांडी. मध्येच एका चौकोनात ‘रात्री 2दा बाहेर’. म्हणजे लघवीला.

डॉक्टरांनी तिथेच हिशेब केला. कुत्र्यानं दर किलो वजनामागे दिवसाला 100 मिलीपेक्षा जास्त पाणी प्यायला सुरुवात केली की ती तक्रार समजतात. टफी 9 किलोचा, म्हणजे 900 मिली. आईचं भांडं अर्ध्या लिटरचं. ऑक्टोबरात एक लिटर, नोव्हेंबरात दीड. म्हणजे सगळं तिथे लिहिलेलं होतं. तारखेसकट. आईनं नोंदवलं, मला फोनवर सांगितलंही, आणि आम्ही दोघींनी मिळून ते वाया घालवलं. तिनं 1,800 वाचवायला, मी 2,799 खर्चून.

हे का होतं ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी म्हातारी कुत्री-मांजरं आहेत. किडनी थकली की तिला लघवी दाट करता येत नाही. पाणी तसंच निघून जातं, म्हणून जनावर पाणी जास्त पितं. ही पहिली खूण. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र फार उशिरा वाढतं, किडनीचं साधारण पाऊण काम बंद पडल्यावर. म्हणजे रिपोर्टमध्ये आकडा दिसेपर्यंत बरंच हातचं गेलेलं असतं. लघवीचा नुसता दाटपणा तपासला तरी आधी अंदाज येतो, आणि ही तपासणी महाग नसते. सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त-लघवी करून घ्या, असं डॉक्टर सांगतात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने असतात, तिथे फी सहसा कमी असते. पुण्याकडून कराडला येताना शिरवळ लागतं ना, तिथे आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीरलाही आहेत. मी शिरवळवरून शेकडो वेळा गेलेय, बोर्ड कधी वाचला नव्हता.

तिसऱ्या फोटोवर मात्र डॉक्टर थांबले. डिसेंबर. एका चौकोनात ‘टफी पाय धरतो. गोळी अर्धी’. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘गोळी अर्धी’. “ही कुठली गोळी?”

पप्पांची होती. गुडघ्याची. थंडीत टफी लंगडायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःच्या पाकिटातली अर्धी मोडून दुधातून दिली होती. माणसांच्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांच्या किडनीला आणि पोटाला त्रास देतात. इब्युप्रोफेन तर देऊच नये. मांजरांना साधी पॅरासिटामॉलसुद्धा जीवघेणी ठरते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “दोन दिवसांनी आजार झालेला नाही. पण आधीच थकलेल्या किडनीवर ताण आला असेल. किती, ते सांगता येणार नाही.”

घरी आल्यावर हे पप्पांना कोण सांगणार? आईनं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. उठून टफीची सतरंजी सारखी केली, आणि तेव्हापासून रात्रीच्या सलाइनला टफीला धरून बसायचं काम त्यांनी कुणाला दिलेलं नाही.

हो, सलाइन. घरीच. कातडीखाली द्यायचं असतं, शिरेत नाही. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी, आणि त्यात सुई. डॉक्टरांनी दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा आईकडून करून घेतलं. माझा हात थरथरतो, आईचा नाही. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची आणि पडद्याच्या दांडीला अडकवायची. पाणी आत गेलं की पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो, मग तो हळूहळू एका बाजूला ओघळून जिरतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरले होते. किती मिली, आठवड्यातून किती वेळा, हे डॉक्टरच ठरवतात. माझं ऐकून कुणी स्वतःच्या कुत्र्याला सुई लावू नका.

सुईवरून एकदा वाजलंच. आई म्हणाली, “एवढी चांगली सुई, एकदा वापरून टाकायची? उकळून घेते की.” डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. दर वेळी नवी. वापरलेल्या सुया रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जमवून दवाखान्यात नेऊन द्यायच्या. आईनं ऐकलं, पण बाटली कुठली घ्यायची तर फिनेलची, रिकामी, धुतलेली.

बाकी सगळ्यात मात्र मी हरले, आणि आनंदानं हरले. मी कार्टमध्ये चार हजारांचा ऑर्थोपेडिक बेड ठेवला होता. आईनं दोन जुन्या नऊवारींची गोधडी शिवली. दर दोन दिवसांनी धुता येते, जे त्या बेडचं झालं नसतं, आणि लघवीवर ताबा नसलेल्या कुत्र्याला धुता येणारं अंथरूणच लागतं. आमच्या हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर त्याचे मागचे पाय फाकायचे. आईनं सतरंजीचे तुकडे कापून त्यांना खालून गोणपाट शिवलं आणि दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत एक रस्ताच केला. भांडं ठेवलंय पालथ्या पातेल्यावर, म्हणजे मान वाकवावी लागत नाही. डायपरऐवजी जुन्या चादरींची दुपटी, म्हणजे लहान बाळासारखीच.

खाण्याचं तेवढं सांगते. जन्मभर दूध-चपाती खाल्लेला जीव. आता फॉस्फरस कमी हवा, म्हणून दूध बंद. किडनीचं तयार खाणं महाग, शिवाय त्यानं तोंड फिरवलं. मग डॉक्टरांनी भात, लाल भोपळा आणि अंड्याचा पांढरा भाग असं मोजून लिहून दिलं, सोबत औषधं. पिवळ्यात फॉस्फरस जास्त, म्हणून ते वगळायचं. पण वगळलेलं पिवळं आमच्या घरात टाकणार कोण? पप्पा रोज त्या पिवळ्याची पोळी खातायत. आता त्यांचंही रक्त तपासून घ्यावं लागणार.

जानेवारीतच एकदा आमचं भांडण झालं. औषधाच्या दुकानातून आई दोन-दोन दिवसांचं औषध आणत होती, पुढे लागेल की नाही म्हणून. ते ‘पुढे लागेल की नाही’ मला सहन झालं नाही. मी ओरडले, “पैशाकडे काय बघतेस गं सारखी? मी देतेय ना!” आई भांडी घासत होती. वळलीही नाही. “पैशाकडे बघितलं म्हणून तुझं बीटेक झालं.”

यावर मी काय बोलणार होते? खरंच होतं ते. माझ्या चार वर्षांच्या फीचे हप्ते याच चौकोनांत लिहिलेले आहेत. आणि तिच्या हिशेबात तो कुत्रा कधीच जास्तीचा खर्च नव्हता. दूध लिहिताना ‘दीड’ लिहायची, त्यातलं पाव त्याचं धरलेलंच असायचं. माझ्याच चौकोनांत ते वेगळं दिसत होतं. मी पुण्यात बसून वस्तू पाठवत होते, कारण वस्तू पाठवायला दोन मिनिटं लागतात आणि कराडला यायला चार तास.

म्हणून आता मी महिन्यातले दोन आठवडे इथून काम करते. मॅनेजरला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, कुत्र्यासाठी? मी म्हटलं, हो.

डॉक्टरांनी आम्हाला एक अवघड गोष्टही सांगितलीय. हा आजार बरा होत नाही. एक वेळ येईल जेव्हा ठरवावं लागेल, आणि ते भावनेच्या भरात ठरवू नका. त्यांनी सुचवलं, रोज एक खूण करा. त्या दिवशी तो खाल्ला, उठून चालला, कुणी आलं तर मान वर केली, तर चांगला दिवस. नाहीतर वाईट. वाईट दिवस जास्त व्हायला लागले की मला फोन करा.

आईला हे समजवावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवसापासून दुधाच्या आकड्याशेजारी चांगल्या दिवसाला टिंब, वाईटाला फुली. या महिन्यात आजवर अकरा टिंबं आणि पाच फुल्या झाल्या आहेत. गेल्या महिन्यात याच तारखेपर्यंत फुल्या तीन होत्या. हे मी मोजलं, आईनंही मोजलं असणार. आम्ही बोललो नाही.

आजचा चौकोन अजून रिकामा आहे. सकाळी भात अर्धाच खाल्ला, पण आत्ता हा जो आवाज येतोय ना, टक-टक, तो हॉलमधून माझ्या खोलीपर्यंत स्वतः चालत आलाय. मी आईला म्हटलं, टिंब दे की. आई म्हणाली, रात्रीचं जेवू दे त्याला, मग बघू.

आठ वाजत आलेत. पप्पांनी बाटली कोमट पाण्यात ठेवलीय, मला हाक मारतायत. थांबते इथेच.