दुधाच्या हिशेबाखाली वजनाचा आकडा

वजन कसं उतरवायचं ते आज मी सांगणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. कित्येकांनी दोन-तीनदा उतरवलंही आहे. लग्नसराईआधी सात किलो उतरतात, कौतुक होतं, आणि वजनकाटा पलंगाखाली जातो. माझी तक्रार आहे ती त्या पलंगाखालच्या काट्याबद्दल.

घरी दुधाचा रतीब असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण रोज मांडतो: आज एक लिटर, आज दीड, आज खाडा. पाहुणे आले म्हणून एके दिवशी तीन लिटर घेतलं, तर कुणी घाबरत नाही. पण मांडायचंच राहिलं, की एक तारखेला दूधवाला सांगेल तो आकडा मुकाट्याने मान्य करावा लागतो. वजनाचं अगदी तसंच आहे. म्हणून त्याच चौकोनात, दुधाच्या खाली, वजन लिहा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा तोच, फरशी तीच.

रात्री पापड-लोणचं जास्त झालं, तर मिठामुळे अंगात पाणी धरलं जातं आणि सकाळी काटा किलोभर वर दिसतो. ती चरबी नव्हे, ते पाहुण्यांचं दूध! कडक उपवासानंतर किलोभर कमी दिसलं, तरी तेही बरंचसं पाणीच. एका दिवसाचा आकडा धरून बसू नका, आठवड्याची सरासरी काढा. पुन्हा सांगते, सरासरी.

अमेरिकेत १९९४ साली रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी एक नोंदवही सुरू केली. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तसंच राखलेल्यांनाच तिच्यात जागा. त्यांतले सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. वजन उतरल्यावर शरीर भूक वाढवतं आणि खर्च आखडतं, त्यामुळे ते परत येऊ लागतं. तो तुमचा आळस नव्हे. म्हणून तर वाढ दीड किलोची असतानाच दिसायला हवी. दीड किलोला रात्रीची एक पोळी कमी करून, थोडं जास्त चालून भागतं. आठ किलोला भागत नाही, आणि मग माणूस काट्याकडे बघायलाच...

वेळ संपत आली, तरी हे सांगायलाच हवं. आकड्याने ज्यांची जेवणावरची वासनाच उडते, अशांनी हे करू नये; डॉक्टरांशी बोलावं. आणि हृदय कमजोर असलेल्यांना दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ दिसली, तर ते पाहुण्यांचं दूध समजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कमरेच्या मापाचं राहिलंच. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, बायकांची ८०, त्याच्या आत हवी. हेही कॅलेंडरवर लिहा, महिन्यातून एकदा, दूधवाल्याचे पैसे चुकते कराल त्या दिवशी.