एका तारेवरची दिव्यांची माळ



गणेशोत्सवात किंवा दिवाळीत रंगीत दिव्यांची पळती माळ तुम्ही पाहिली असेल. तांबडा ठिपका एका टोकाकडून निघतो आणि मागे निळी शेपटी सोडीत दुसऱ्या टोकाला जातो. अशा एखाद्या माळेत दिवे शंभर असतात. पण तिला जोडलेल्या तारा मोजाव्यात तर अवघ्या तीन. दोन विजेच्या आणि एक निरोपाची. मग ‘तू तांबडा हो, तू निळा हो’ हे शंभर जणांना एकाच तारेवरून वेगवेगळे सांगितले जाते तरी कसे?

शिक्षक बंधुभगिनींनो, याचा उलगडा वर्गात करून दाखवावयास वीज लागत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात.

दहा मुले रांगेत उभी करा. पहिल्याच्या हाती तीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा द्या. नियम एकच : वरच्या तीन चिठ्ठ्या आपण ठेवायच्या आणि उरलेला गठ्ठा मागच्याला द्यायचा. पाहा, कोणाचेही नाव घ्यावे लागले नाही, तरी ज्याचे त्याला मिळाले! रांगेतली जागा हाच ज्याचा त्याचा पत्ता.

माळेत हेच घडते. बाजारात ‘डब्ल्यूएस २८१२बी’ नावाचा एलईडी दिवा मिळतो. त्याच्या पोटात हिरवा, तांबडा व निळा असे तीन इवले दिवे असतात आणि शेजारी त्यांचा एक छोटा कारभारी. पहिली चिठ्ठी हिरव्याची, दुसरी तांबड्याची, तिसरी निळ्याची. प्रत्येक चिठ्ठीवर शून्यापासून २५५ पर्यंतचा एक आकडा, म्हणजे किती उजळायचे त्याचे माप. या तिन्हींच्या मिश्रणातून १,६७,७७,२१६ छटांची मांडणी होते. आपल्या वाट्याचे घेतले की कारभारी पुढचा निरोप नीट घासूनपुसून पुढे धाडतो. म्हणून तो शंभराव्या दिव्यापर्यंत पुसट होत नाही.

आता आकडा तारेवरून जातो कसा? मराठी शिकविणाऱ्यांना हे चटकन कळेल, कारण इथे लघु-गुरूच आहेत. प्रत्येक आकडा आठ खुणांत लिहितात. खूण एकतर शून्याची, नाहीतर एकाची. तारेवर वीज थोडा वेळ चढली तर शून्य, त्याच्या दुप्पट वेळ चढली तर एक. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, तसेच हे! फक्त मात्रा फार चिमुकली आहे : सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे चार दशांश. चढणे-उतरणे धरून प्रत्येक खुणेला सव्वा मायक्रोसेकंद मिळतो. एका दिव्याच्या २४ खुणा ३० मायक्रोसेकंदांत संपतात. शंभर दिव्यांच्या तीन सहस्रांश सेकंदांत. मग सुमारे तीनशे मायक्रोसेकंद तार गप्प ठेवायची. हा पूर्णविराम. तो मिळताच सारे दिवे नवा रंग धरतात आणि पहिला पुन्हा पहिला होतो.

हे वृत्त न चुकता म्हणतो तो मायक्रोकंट्रोलर. इटलीतील इव्हरेआ येथे २००५ साली विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाची पाटी तयार झाली. तिच्या ‘उनो’ या प्रकारात सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडतात. म्हणजे एका खुणेच्या वाट्याला बरोबर वीस. हे ठोके आपण मोजावयाचे नाहीत. त्यासाठी तयार आज्ञासंग्रह फुकट मिळतात. मुलाने लिहायचे ते एवढेच : कितवा दिवा आणि कोणते तीन आकडे. मोजणी मात्र शून्यापासून, हे विसरू नये.

तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा असेल, तर अशी पाटी तिथे बहुधा असेलच. बिघडेल या भीतीने ती कपाटात ठेवू नका. ही माळ पाच व्होल्टची आहे. भिंतीतल्या २३० व्होल्टशी मुलांचा संबंध येता कामा नये, तिथे तयार अडॅप्टरच वापरावा. मात्र पाच व्होल्ट म्हणून गाफील राहू नये. एक दिवा पूर्ण पांढरा झाला की सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो. साठ दिवे ३.६ अँपिअर. एवढ्याने बारीक तार तापते. म्हणून आठ दिव्यांनी आरंभ करा आणि उजेड मंद ठेवा. माळेवरच्या बाणाची दिशा पाहा. माळेची ऋण तार आणि पाटीची ऋण तार एकमेकींना जोडलेली हवीच. नाहीतर वीज चढली की उतरली, हे दिव्याला कळावे कशावरून?

आणि माळ बिघडली तर? तर चिठ्ठ्यांचा खेळ पुन्हा मांडा. चौथ्या मुलाला गठ्ठा पुढे देऊ नका म्हणावे; पाचव्यापासून सारे रिकाम्या हाताने उभे राहतील. तेव्हा पाचव्या दिव्यापासून अंधार असेल, तर चौथा, पाचवा आणि त्यांच्यामधला सांधा तपासावयाचा. सबंध माळ फेकावयाची नाही. तांबडा मागितला आणि हिरवा उजळला, तर चिठ्ठ्यांचा क्रम चुकला.

रोषणाई विकत मिळते, श्रोते हो. ही नजर विकत मिळत नाही. ज्या मुलाने चिठ्ठ्या हाताळल्या, ते ‘माळ बिघडली’ म्हणून थांबणार नाही. ते म्हणेल, ‘गुरुजी, पाचव्याकडे गठ्ठा पोचलाच नाही!’