चवदार तळ्याचीं गाणीं

लोकप्रिय गाणें म्हटलें म्हणजे सुशिक्षित माणसाच्या कपाळावर थोडीशी आठी पडते. जें सर्वांच्या तोंडीं आहे तें फारसें मोलाचें नसावें, अशी आपली एक समजूत असते. आज ज्या गाण्यांविषयीं मला बोलावयाचें आहे, तीं सर्वार्थानें लोकप्रिय आहेत. तीं गाणारीं मंडळें कित्येक दशकें एकामागून एक उभीं राहत आलीं आहेत. तरीहि सुशिक्षितांच्या घरांत त्यांना अद्याप ओटीवरच थांबविलें जातें. हीं गाणीं म्हणजे आंबेडकरी जलशांतील पदें व त्यांच्यापासून वाढलेलीं भीमगीतें.

त्यांचें मूळ समजण्यास आधीं कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या, अंतर्भागांत गेलें पाहिजे. महाडनजीक सव नांवाचें एक लहानसें गांव आहे. ऊन पाण्याच्या झऱ्यांसाठीं तें प्रसिद्ध आहे. त्याच परिसरांत सावित्रीच्या खाडीवर दासगांव आहे. १९२७ च्या डिसेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून जलमार्गानें या दासगांवीं उतरले व तेथून महाडास गेले. पाणी जमिनींतून आपण होऊन वर येतें; तें कोणीं प्यावें व कोणीं पिऊं नये, हा भेद मात्र मनुष्याचा.

तो भेद कायद्यानें तर आधींच मिटला होता. सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं संमत केला. सरकारी पैशानें चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या कराव्या, असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं त्यास अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. परंतु ठराव दप्तरांत राहिला आणि घागरी कोरड्या राहिल्या. २० मार्च १९२७ रोजीं बाबासाहेबांनीं हजारों लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतलें, तेव्हां कोठें तो ठराव कागदावरून पाण्यापर्यंत पोंचला. त्यानंतर लोकांस मारहाण झाली, सनातन्यांनीं तळ्याचें शुद्धीकरण केलें, आणि दिवाणी दावा लागला. त्याचा अंतिम निकाल मुंबईच्या उच्च न्यायालयानें १९३७ च्या मार्चमध्यें अस्पृश्यांच्या बाजूनें दिला. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षें गेलीं.

आतां प्रश्न असा कीं, हा सारा वृत्तान्त खेड्यापाड्यांतल्या माणसास कळला कसा? वर्तमानपत्रें होतीं, परंतु ज्यांना अक्षरओळखच नाकारलेली, त्यांना वर्तमानपत्राचा काय उपयोग? येथें गाणें पुढें आलें. तमाशाचा घाट लोकांच्या परिचयाचा होता, आणि सत्यशोधक मंडळींनीं तो पूर्वींच प्रचाराच्या कामीं लावला होता. नाशिक जिल्ह्यांतील भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसेकारांनीं त्यास नवें वळण दिलें. ढोलकी, डफ व तुणतुणें तींच राहिलीं. पण शृंगाराची जागा प्रबोधनानें घेतली, गौळणींतल्या थट्टेस फांटा मिळाला, आणि वगांतील राजा-प्रधानांच्या जागीं सावकार, पाटील व पाणवठ्यावर अडविलेली बाई उभी राहिली. दिवसभर राबून आलेला मनुष्य रात्रीं जलशास बसे आणि उठे तेव्हां आपला हक्क काय, हें त्यास समजलेलें असे. कर्डकांनीं या जलशांची हकीकत पुढें १९७८ सालीं पुस्तकरूपानें लिहून ठेविली, हे त्यांचे आपणांवर मोठे उपकार होत.

या परंपरेचा सर्वांत मोठा कवि वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यांतील देशवंडी हें त्यांचें गांव. मुंबईस मोलमजुरी करतां करतां ते मोठेपणीं अक्षरें शिकले, १९४३ सालीं त्यांनीं पहिलें गीत रचलें, आणि २००४ सालीं देहावसान होईपर्यंत गांवोगांव गात राहिले. त्याच वर्षीं प्रल्हाद शिंदेहि गेले. त्यांच्या भरदार गळ्यांतून विठ्ठलाचीं गाणीं घरोघर पोंचलीं; परंतु आषाढींत त्यांचा स्वर भक्तिभावानें ऐकणाऱ्या कित्येकांस त्यांच्या भीमगीतांची ओळखहि नसते. पुढें आनंद व मिलिंद या पुत्रांनीं आणि आदर्श या नातवानें तोच वारसा चालविला. जलशाची पथारी जाऊन ध्वनिमुद्रिका आली, मग कॅसेट आली, आतां विजेच्या वाद्यांचा कल्लोळ आला. साज बदलला, पण सांगणें तुटलें नाहीं.

गाणें आणि गांव यांची अशी गांठ अन्यत्रहि पडते. जपानांत 'सदर्न ऑल स्टार्स' नांवाचें रॉक संगीताचें एक मंडळ आहे. १९७८ सालीं त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्यांचे प्रमुख गायक केइसुके कुवाता हे चिगासाकी या समुद्रकांठच्या शहराचे. तेथील पुळणीस १९९९ सालीं या मंडळाचें नांव देण्यांत आलें, आणि २०१४ पासून तेथील स्टेशनांत गाडी सुटतांना त्यांच्या एका गाण्याची धून वाजूं लागली. तेथें गाणें आधीं झालें व अधिकाऱ्यांचा मान मागून आला. महाडास अधिकाऱ्यांचा ठराव आधीं झाला. तो खरा आहे हें लोकांच्या मनांत ठसविण्याचें काम गाण्यास करावें लागलें. पहिलें गाणें शहराचें भूषण झालें. दुसरें माणसाचा आधार झालें.

या गीतांवर आक्षेप घेतां येत नाहींत असें नाहीं. पुष्कळांच्या चाली सिनेमांतून उचललेल्या आहेत. कांहींत स्तुतीचा अतिरेक आहे. आणि आजकालचा कर्कश ध्वनि कानांस सोसवत नाहीं, ही तक्रार खोटी नव्हे. परंतु उसनी चाल हें येथें दारिद्र्य नसून युक्ति आहे. ओळखीच्या चालीवर बसविलेला नवा विचार एका रात्रींत पाठ होतो; नव्या चालीची तालीम घेण्यास मजुराजवळ सवड कोठून? ज्या गाण्याला वहीवांचून जगावयाचें असतें, त्याला स्मरणशक्तीची सोय पाहावीच लागते.

दर वर्षीं २० मार्चला महाडास मोठा समुदाय लोटतो. श्रोतेहो, आपल्या गल्लींतहि कधींतरी हीं गाणीं ऐकूं येतात, आणि आपण खिडकी लावून घेतों. पुढच्या वेळीं ती थोडा वेळ उघडी ठेवून शब्द ऐकावे, एवढीच माझी विनंती आहे. ओंजळभर पाण्यासाठीं झालेल्या त्या लढ्याची हकीकत ज्यांनीं पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यांचें म्हणणें निदान शेवटपर्यंत ऐकून घेणें, हें सुसंस्कृत घरास शोभून दिसेल.