मरिया या नावाचा सण
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुमच्या सप्टेंबरातल्या सणांविषयी चार शब्द बोला." मी मराठी सातवीपर्यंत शिकलेली बाई. घरकाम करता करता जे मनात जुळले आणि जाणत्यांना विचारून जे पडताळून घेतले, तेच कागदावर उतरवून आणले आहे. माझे माहेर वसईचे. आपल्या मंडळात आम्ही ख्रिस्ती बाया थोड्या आणि तुम्ही इतर भगिनी पुष्कळ. तेव्हा सर्वांना कळेल अशा बेताने सांगते.

8 सप्टेंबर हा येशूच्या आईचा, मरियामातेचा जन्मदिवस. तो तुम्हाला वांद्र्याच्या जत्रेमुळे ठाऊक आहे. पण त्यानंतर चारच दिवसांनी, 12 सप्टेंबरला, एक लहानसा सण येतो. आमच्यातल्याही पुष्कळांना त्याची आठवण नसते. तो मरियेच्या नावाचा सण. जन्माचा नव्हे, कुठल्या चमत्काराचा नव्हे, नुसत्या नावाचा. तुम्ही म्हणाल, नावात सण करण्यासारखे काय असते? तेच आज सांगायचे आहे.

आधी हे नाव कसले ते पाहू. यहुदी लोकांच्या भाषेत ते मिर्याम. मोशेच्या बहिणीचे हेच नाव होते. लोक समुद्र पार करून सुटले, तेव्हा हातात डफ घेऊन बायकांना नाचायला पुढे घेऊन गेली ती ही मिर्याम. पुढे येशूच्या काळात त्या मुलखात हे नाव सर्रास ठेवीत. आपल्याकडे पूर्वी घरोघर एखादी सखू नाही तर यमुना असे, तसेच. येशूला क्रुसावर चढवले तेव्हा खाली उभ्या असलेल्या बायकांत निदान तीन मरिया होत्या. एक त्याची आई, एक क्लोपाची मरिया आणि एक मग्दालिया गावची. नावाचा अर्थ काय, यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी म्हणतात समुद्राचा थेंब, कोणी म्हणतात मालकीण, कोणी म्हणतात कडू. जुन्या काळापासून 'समुद्राचा तारा' हा अर्थ लोकांना आवडला, आणि दर्यावर्दी लोकांनी तो उराशी धरला.

म्हणजे हे नाव काही स्वर्गातून उतरलेले निराळे नाव नव्हते. नाझरेथ या खेड्यातल्या एका मुलीचे ते साधे, घरगुती नाव. भक्ती जडली ती त्या साधेपणावर, असे मला वाटते.

आता एक मौजेची गोष्ट सांगते. आमची रोजची प्रार्थना म्हणजे 'नमो मरिया'. तिचा पहिला भाग देवदूताच्या आणि एलिझाबेथ या नात्यातल्या बाईच्या तोंडचा आहे. पण लूकचे शुभवर्तमान उघडून पाहिले, तर देवदूताने पहिला नमस्कार केला त्यात नाव नाहीच! त्याने 'कृपापूर्णे' अशी हाक मारली. ती घाबरली, तेव्हा 'भिऊ नकोस' असे सांगताना त्याने तिचे नाव घेतले. नमस्कारात नाव घातले ते मागाहून, प्रार्थना करणाऱ्या लोकांनी. त्यांना नुसत्या पदवीवर समाधान वाटले नाही. ज्या माणसाला हाक मारायची, त्याचे नाव घेतल्यावाचून जीव भरत नाही, हे तुम्हीआम्ही आया जाणतोच. प्रार्थनेचा दुसरा भाग, ज्यात 'आमच्यासाठी आता आणि मरणाच्या घटकेला विनंती कर' असे मागणे आहे, तो आजच्या रूपात पक्का झाला तो 1568 साली, पाचव्या पायस या पोपांच्या वेळी.

जपमाळेच्या एका फेरीत ही प्रार्थना 53 वेळा येते आणि प्रत्येक वेळी तिचे नाव दोनदा येते. म्हणजे एका संध्याकाळी 106 वेळा. तुमच्या तुळशीच्या माळेत 108 मणी असतात. आमचा हिशेब दोनानेच मागे राहिला! नामस्मरणाचे महत्त्व महाराष्ट्रातल्या बाईला कोणी शिकवायला नको. फरक एवढाच, की आम्ही मरियेला देव मानीत नाही. आराधना एका देवाची. तिला मान द्यायचा आणि 'आमच्यासाठी शब्द टाक' असे सांगायचे. बापाकडे जाताना मुले आधी आईला गाठतात, तसे ते आहे. आणि प्रार्थनेच्या बरोबर मधोमध नाव येते ते तिच्या मुलाचे. आईचे नाव सुरुवातीला आणि मग पुन्हा एकदा, मध्ये लेकराचे. जणू दोन्ही हातांनी कवटाळल्यासारखे.

या नावाविषयी लोकांनी दोन तऱ्हांनी आदर दाखवला. एक तऱ्हा नाव न घेण्याची. पोलंड देशात एके काळी ते इतके पवित्र मानीत की मुलींना ठेवीत नसत. 1646 साली तिथल्या राजाशी लग्न होऊन फ्रान्सहून एक राजकन्या आली. तिचे नाव मारी लुईज. तिला तिथे मरिया हे नाव मागे ठेवून लुडविका म्हणून राहावे लागले. आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, उखाण्यातच काय ते घेत. त्यातलाच हा प्रकार. दुसरी तऱ्हा नाव सगळीकडे पेरण्याची. स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत मुलीला 'दुःखांची मरिया', 'कृपादानांची मरिया', 'जपमाळेची मरिया' अशी लांब नावे ठेवीत आणि हाक मारताना मागला भागच तेवढा उरे. दोलोरेस, मर्सेडीस, रोझारियो ही नावे अशी निघाली. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आणि आमच्या वसईत आली. एखाद्या मुलीचे नाव मर्सेडीस असले तर शाळेत तिला मोटारीवरून चिडवतात. तिला सांगावे, की बाई गं, मोटारीलाच एका मुलीचे नाव दिलेले आहे, आणि त्या नावाच्या पोटात मरियामाता दडलेली आहे. वसईतल्या रमेदी या वस्तीचे नावसुद्धा 'उपायांची माता' या तिच्या पोर्तुगीज नावावरून पडले.

मराठीतही हे नाव आजचे नव्हे. फादर स्टीफन्स 1579 साली गोव्याला आले. इंग्रज माणूस, पण आपली भाषा शिकून त्यांनी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते 1616 साली छापले गेले. ओवी जात्यावरची, बायकांच्या ओठांवरची. त्या चालीत मरियेचे नाव चारशे वर्षांपूर्वी बसले. पण खरे मराठी नाव दिले ते वांद्र्याच्या कोळ्यांनी. माउंट मेरीला त्यांनी 'मोत माउली' म्हटले.  माउली हा शब्द कुठला ते मी वारकऱ्यांच्या लेकीसुनांना काय सांगावे? 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिथे आठवड्याची जत्रा भरते. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे घर, मेणाचे बाळ घेऊन सगळ्या जातिधर्मांच्या बाया त्या पायऱ्या चढतात. नावाचा सण बहुधा त्या जत्रेच्या दिवसांतच येतो आणि गर्दीत हरवून जातो.

आता हा सण सुरू कसा झाला ते थोडक्यात सांगते. स्पेनमधल्या कुएंका गावाला 1513 साली तो पाळण्याची परवानगी मिळाली. साऱ्या जगात पसरला तो मात्र लढाईमुळे. 1683 साली तुर्कांच्या फौजेने व्हिएन्ना शहराला वेढा घातला होता. 12 सप्टेंबरला पोलंडचा राजा सोबिएस्की आणि त्याचे मित्र धावून आले आणि वेढा उठला. तेव्हा अकरावे इनोसंट पोप होते. त्यांनी आभार म्हणून हा सण सर्व ख्रिस्तसभेला लावून दिला. पुढे 1969 साली जन्मदिवसाच्या सणातच नावाचा मान येतो म्हणून तो यादीतून काढला आणि 2002 साली पुन्हा घातला.

इतिहास आहे तसा सांगितला. पण आईचे नाव विजयाच्या नगाऱ्यावर ठेवणे माझ्या जिवाला रुचत नाही. कारण ज्यांच्याशी ती लढाई झाली, त्यांच्याही घरी हे नाव आहे. कुराणात एकोणिसावा अध्याय मरियमच्या नावाचा आहे, आणि साऱ्या कुराणात नाव घेऊन उल्लेख झालेली बाई ती एकटीच. मुसलमान शेजारीण आपल्या लेकीला मरियम म्हणून हाक मारते, तेव्हा माझीही मान वळते. वेढा उठून तीनशे वर्षे लोटली. आज या नावाने दारे उघडावीत, लावून घेऊ नयेत.

आणि आता माझ्या मनातली गोष्ट. चार शुभवर्तमानांपैकी योहानाच्या शुभवर्तमानात मरियेचे नाव एकदाही नाही. लग्नघरी द्राक्षारस सरला तेव्हाही 'येशूची आई', क्रुसाखाली उभी होती तेव्हाही 'येशूची आई'. हा मोठाच मान. पण आपणा बायकांचेही असेच नाही का होत? कोणाची तरी सून, कोणाची तरी वहिनी, मग कोणाची तरी आई. तुमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहितात. आमच्यात बाप्तिस्म्याचे नाव बदलत नाही, पण हाक मारायला कोण उरते? माझ्या आईचे नाव मरीच होते. सासरच्या वाडीत तीस वर्षांत ते कोणी उच्चारलेले मी ऐकले नाही. ती माहेरी गेली की तिची थोरली बहीण ओट्यावरून 'मरी गं!' म्हणून साद घाली, आणि माझी आई आमच्यादेखत एकदम परकरी पोर होऊन जाई. डोक्यावरचे ओझे कोणी उतरवून घ्यावे तसा तिचा चेहरा दिसे.

म्हणून मला हा लहान सण मोठा वाटतो. योहानाने तिला आई म्हटले, लोकांनी तिला राणी म्हटले, तारा म्हटले. पण एक दिवस असा राखून ठेवला की त्या दिवशी फक्त तिचे स्वतःचे नाव. येशू मेलेल्यांतून उठला तेव्हा मग्दालियाच्या मरियेने त्याला माळी समजून ओळखले नाही. त्याने 'मरिये' एवढीच हाक मारली आणि तिला ओळख पटली. नावाने हाक मारली की माणूस सापडते.

भगिनींनो, माझी मंडळाला एकच विनंती आहे. आपल्या सभासदांच्या यादीत सौभाग्यवती अमुकतमुक अशी नवऱ्यांची नावे छापण्याची रीत आहे. ती राहू द्या, कोणाचा मान कमी करायचा नाही. पण त्याआधी प्रत्येकीचे स्वतःचे, आईबापांनी ठेवलेले नाव यंदाच्या स्मरणिकेत घालावे. आणि पुढल्या हळदीकुंकवाला उखाण्यात नवऱ्याचे नाव घेऊन झाले, की शेजारणीने तिला तिचे माहेरचे नाव विचारावे आणि त्या नावाने एकदा मोठ्याने हाक मारावी. पैसा लागत नाही, वेळ लागत नाही. वर्षानुवर्षे शेजारी राहून ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, त्या बाया आपल्याला त्या दिवशी भेटतील.