हिरड्यांचा इशारा



घरातील वडीलधारी व्यक्ती तिखट-आंबट पदार्थ बाजूला सारू लागली, की जैन कुटुंबात तो सहज रसपरित्याग समजला जातो. त्यागाविषयी आदर असावाच; परंतु हा त्याग आहे की तोंडाची आग, हे विचारणेही घरच्यांचे कर्तव्य आहे.

हिरड्यांतून रक्त आले की ‘पायोरिया’ म्हणून मंजन बदलले जाते. बहुतेकदा कारण दातांवर साचलेले कीटण हेच असते आणि दात स्वच्छ करून घेतल्यावर त्रास ओसरतो. काही वेळा मात्र लाली हिरडीच्या कडेपुरती राहत नाही. हिरडी तुकतुकीत दिसते, तिची पातळ साल सुटते, ब्रश लागताच झोंबते आणि दात साफ करूनही आराम पडत नाही. वैद्यकात १९३२ सालापासून या अवस्थेला ‘डिस्क्वामेटिव्ह जिंजिव्हायटिस’ म्हणतात. हा स्वतंत्र रोग नव्हे. बहुधा तो दुसऱ्या रोगाचा इशारा असतो.

असे रोग मुख्यत्वे तीन. लायकेन प्लॅनस हा त्यांतील अधिक आढळणारा. पेम्फिगॉइडमध्ये त्वचेचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो; तो डोळ्यांत शिरल्यास व्रण धरून दृष्टीही जाऊ शकते. पेम्फिगसमध्ये शरीराची संरक्षक शक्ती पेशींना जोडून ठेवणाऱ्या प्रथिनांवरच उलटते. त्याची सुरुवात पुष्कळदा तोंडात होते आणि अंगावर फोड येण्यास पुढे कित्येक महिने लागतात. तेवढा अवधी उपचाराला मिळू शकतो. तो मंजने बदलण्यात दवडू नये.

निदानासाठी हिरडीचा लहानसा तुकडा तपासतात. नेहमीच्या तपासणीबरोबर इम्युनोफ्लुओरेसन्स ही विशेष तपासणीही आवश्यक असते. स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी पेम्फिगस बहुधा प्राणघातक ठरे. आज तो आटोक्यात ठेवता येतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या पल्स उपचारपद्धतीने भारतातील अनेक रुग्णांना आधार दिला.

एक सूचना विशेष महत्त्वाची. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड पर्युषणातील उपवासासाठी अथवा चौविहारासाठी एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. व्रत घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, गुरुमहाराजांनाही प्रकृती सांगावी. औषधाची वेळ सूर्यास्तापूर्वी बसवता येईल का, हेही डॉक्टरांनाच विचारावे.

चार दानांत औषधदानाचा आणि अंतरंग तपांत वैयावृत्त्याचा समावेश आहे. दोन आठवड्यांत न बरी होणारी हिरडी दंतवैद्यांना दाखवण्यासाठी वृद्धांना सोबत घेऊन जाणे, हेही वैयावृत्त्यच होय.

जय जिनेंद्र!